गोळीशिवाय हसलो

६ मार्च
बरेच दिवस वहीला हात लावला नाही, त्याबद्दल माफी. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही — लिहायला बसलं की रडू यायचं, आणि म्हाताऱ्याचं रडं कागदावर बरं दिसत नाही.

बायको आज हट्टाने डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बोलली सगळं तीच. म्हणाली, हे बाहेर पडताना कुलूप पुन्हापुन्हा ओढून बघतात. मला भाजीहून यायला जरा उशीर झाला की गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. जेवता जेवता डोळे पुसतात. मी आपला खाली मान घालून, घरी तक्रार आलेल्या पोरासारखा.

बाई म्हणाल्या, "काका, हा स्वभाव नाही, आजार आहे." रोज सकाळी एक गोळी. गुण यायला काही आठवडे लागतील. मन हलकं होईल, हसू येईल.

मी म्हटलं, जन्मभर शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. मशीन खडखडलं की लोक भसाभसा तेल ओततात. आवाज बंद होतो, खोट तशीच राहते.

"आणि तेलच संपलेलं असेल तर?"

राग आला.

७ मार्च
घेतली नाही. गालात धरली. बायकोची पाठ वळल्यावर काढून बॉबिनच्या डबीत टाकली.

९ मार्च
इथे तरी खरं लिहावं. भीती वाटते. मी काळजी केली म्हणून घर धड राहिलं, असं मला आतून वाटतं. वेडेपणा आहे, कळतं. पण मुलगी प्रवासात असली की मी जागा असतो, आणि ती सुखरूप पोचते. एकदा निर्धास्त झोपलो आणि काही भलतंच झालं तर? तेव्हा मी गोळी खाऊन हसत बसलेला असेन. फार शिकलो नाही, पैसाही फार कमावला नाही. घरात काळजी तेवढी मनापासून केली. तीही गोळीने काढून घ्यायची?

१२ मार्च
बायको रोज तोंडाकडे बघते. फरक पडला का, म्हणून. तिची ती आशा बघवत नाही. आज चहा कडवट झाला होता. म्हटलं, "माझी गोळी चहातच घातलीस का?"

इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मला चोरी पकडल्यासारखं झालं.

२३ मार्च
सोंग जमायला लागलं आहे. कुलूप एकदाच ओढतो, मग हात खिशात घट्ट मिटून चालू लागतो. आत सगळं तसंच. वर झाकण.

कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "काय मिस्त्री, दात नवे बसवले का? हल्ली दिसतात."

बायको भांडी घासताना गुणगुणत होती. किती वर्षांनी! आणि फोनवर मुलीला सांगत होती — "अगं, गोळीने माणूस परत दिला मला."

जेवायची इच्छा नव्हती. तरी ताट संपवलं. हसत.

४ एप्रिल
पुन्हा डॉक्टरीणबाई. माझ्यावर खूश. मी मान डोलावत होतो. उठणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "मलाही द्या."

मला वाटलं चेष्टा करते. बाईंनी विचारलं, तुम्हाला काय होतं?

"सकाळी उठावंसं वाटत नाही. आजचं नाही हे. मुलगी लहान होती तेव्हापासूनचं. पण आमच्या घरात घाबरायची मुभा एकालाच होती, आणि ती यांनी आधीच घेतलेली."

बाईंनी मला बाहेर बसवलं. बराच वेळ बोलल्या तिच्याशी. तिलाही औषध लिहून दिलं.

येताना ती म्हणाली, "तुम्हाला गुण आलेला बघितला म्हणून धीर झाला. नाहीतर तोंड उघडलं नसतं."

माझ्या खोट्यावर भरवसा ठेवून ती औषध घेणार. हे पाप कुठे फेडू?

५ एप्रिल
तिने गोळ्यांची पट्टी फाडायच्या आत सांगून टाकलं. डबी तिच्यापुढे उपडी केली.

ओरडेल वाटलं. नाही. एकेक गोळी वेचून परत डबीत टाकली.

"म्हणजे गोळीशिवाय हसत होतात?"

"वरवर गं. आत काहीच बदललं नव्हतं."

"जमत होतं ना पण? मग इतकी वर्षं का नाही हसलात?"

म्हटलं, सोंग करून माणूस पार थकतो. तुला नाही कळायचं.

"मला नाही कळायचं?" ती म्हणाली. "अहो, मी दुसरं काय करत आले?"

उठली. पिशवी भरायला लागली. मी म्हटलं, तुझं औषध तरी घे, माझ्या खोट्यापायी ते टाकू नकोस. तर म्हणाली, "माझं मी बघते. एवढं तरी माझं मला बघू द्या."

६ एप्रिल
सकाळच्या गाडीने मुलीकडे गेली. स्वतःची पट्टी नेली आहे, ते मी बघितलं. मला सोबत येऊ दिलं नाही.

आज गोळी घेतली. गिळली. घरात बघायला कोणी नव्हतं.

पोचलीस का? फार काही नको — पोचले, एवढंच. पण लवकर कळव.