हो हो, बरं बरं

सोम., ६ जाने.
बाबांना आज कानाची मशीनं मिळाली, दोन्ही कानांना. दवाखान्यातच बसवली. बाहेर पडल्यावर रिक्षाचा हॉर्न ऐकून दचकले. "हे लोक एवढा वाजवतात?" म्हणे.

समोरासमोर उत्तम. फोनवर मात्र शब्द कळत नाहीत. त्यासाठी फोनचा आवाज थेट मशीनमध्ये उतरायला हवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उतरेल की. कुठला फोन आहे?" बाबांनी खिशातून आमच्याच कंपनीचा 'मोकळा' काढला. बाईंनी उलटसुलट करून बघितला. "हा कुणी काढलाय?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यानं."

मशीनवाल्यांनी जोडणीची रीत फक्त बड्या कंपन्यांना दिली आहे. सगळा कोड जगाला उघडा ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना कोण देणार?

"बाजारातला एखादा फोन घेऊ या का तुम्हाला?" मी तोंडदेखलं विचारलं. बाबा: "जाहिरातीच्या पत्रकावर माझा फोटो छापलायस ना, मुलानं केलेला फोन वापरतो म्हणून? मग गप्प बस." खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

गुरु., ९ जाने.
विक्री विन्यानं बघायची, कोड मी, हे कॉलेजपासून ठरलेलं. आज त्यानं परस्परच मशीनवाल्या कंपनीला फोन लावला. ते रीत द्यायला तयार आहेत, पण अट अशी की तेवढा कोड आम्ही कुणाला दाखवायचा नाही. मी म्हटलं, नाही. आपल्या फोनमध्ये एकही ओळ झाकलेली नाही, असं छापून विकतो आपण.

"विकतो कुठे?" विन्या म्हणाला. "नुसतं छापतो."

मीच शोधून काढतो म्हणालो. दोन आठवडे पुरतील. तो चष्मा पुसत बसला.

बुध., १५ जाने.
काल संक्रांत. सकाळचा चहा झाला की बाबा रोज आत्याला फोन लावतात, तसा कालही लावला. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, लोणी काळभोरला असते. बाबा तिला आक्का म्हणतात. आजी लवकर गेली, तेव्हापासून बाबांना तिनंच वाढवलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर. सकाळपासून फोनकडे डोळे लावून असते, असं तिची सून सुनंदावहिनी सांगते.

ऐकू येत नाही हे बाबांनी आक्काला सांगितलेलंच नाही. "रडत बसेल ती. तूही सांगायचं नाही." सक्त ताकीद. मग बोलणं कसं होतं? ती बोलते, बाबा अंदाजानं हसतात आणि "हो हो, बरं बरं" म्हणतात. एवढ्यावर भागतं म्हणे.

स्पीकरवर टाका म्हटलं. "आवाज येतो रे. शब्द येत नाहीत."

मशीन आणि 'मोकळा' यांची ओळख पटली आज. आवाज अजून नाही.

सोम., २० जाने.
आवाज आला!! पण तुटक, आणि खरखर फार. बाबांच्या कानात मशीन घालून मी स्वयंपाकघरातून फोन केला.
"काय ऐकू आलं?"
"कुकर."
माझी बायको अनघा आधी हसली. मग म्हणाली, "मंदार, बाजारातला एक साधा फोन आण ना त्यांना. तुझं काम चालू दे की मागे." मी भडकलो. प्रदर्शनात उद्या कुणी विचारलं, घरच्यांच्या हातात कुठला फोन, तर काय सांगू?
"सांग, वडिलांना ऐकू येत नाही."
त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नाटकं नुसती.

सोम., २७ जाने.
खरखर कमी झाली, पण वाक्याचा शेपटाकडचा भाग गळतो. का ते कळत नाही. विन्याचे दोन निरोप, उत्तर दिलं नाही.

बाबांचा आक्काशी आज बराच वेळ फोन चालला. मी शेजारीच लॅपटॉप मांडीवर घेऊन. हसत होते, हो हो, बरं बरं. बघून बरं वाटलं. चाललंय की त्यांचं. मग उगाच घाई कशाला, करायचं तर नीटच करू.

मंगळ., ४ फेब्रु.
कॅम्पातल्या दुकानदारानं उरलेले सगळे 'मोकळे' परत पाठवले. बँकेचं अ‍ॅप चालत नाही म्हटलं की गिऱ्हाईक थांबतच नाही म्हणे, शेजारच्या काउंटरवर जाऊन बड्यांचा घेतं. विन्या खोकी रचत होता. रचता रचता म्हणाला, "काकांना फोन केला होता मी. मंदार आहे का विचारलं. हो हो, बरं बरं म्हणाले आणि ठेवून दिला." मी हसलो. तो हसला नाही.

शनि., ८ फेब्रु.
सुनंदावहिनीचा फोन.

"भावजी, मामांच्या मनात काय हाय ते तरी सांगा." म्हटलं, काय झालं? मग तिनं सांगितलं. आक्का बाबांना फोनवर म्हणाली होती, "येत्या रविवारी ये, दोन दिस राहा. मी काय आता लई दिवसांची नाय." बाबा हो म्हणाले. रविवारी सकाळपासून आक्का खाटेवर उशीला टेकून बसली. बाबांना आवडते म्हणून गवार करायला लावली. अंधार पडला तरी आडवी होईना. दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, "माझा कंटाळा आला व्हय रं बाळू तुला?"

"तर मामा हसले, भावजी. आन् म्हणले, हो हो, बरं बरं."

दुसरा दिवस म्हणजे सत्तावीस तारीख. मी शेजारी बसलो होतो. शेजारी!

तेव्हापासून आक्का फोन हातातच घेत नाही. वहिनी उचलते, सासूबाई झोपल्यात म्हणून सांगते. "तरी मामा आपले हो हो करतच राहत्यात." म्हणजे इतके दिवस बाबा सुनंदावहिनीशी बोलतायत, आणि त्यांना वाटतंय पलीकडे आक्का आहे.

रवि., ९ फेब्रु.
वहिनीला सगळं खरं सांगितलं. ताकीद गेली खड्ड्यात. तिनं आक्काला सांगितलं, पण आक्काला पटलं नाही. "भैरा असता तर रोज हो हो कशाला म्हणला असता?"

मग बाबांनाही सांगावं लागलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. गवारीपाशी थांबवलं, परत सांग म्हणाले. नंतर दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन बसले. मी माफी मागितली. त्यांना ऐकू गेलं नसणार.

संध्याकाळी म्हटलं, गाडी काढतो, आत्ता लोणीला जाऊ.
"तिनं बोलावलं तेव्हा गेलो नाही. आता न बोलावता कुठल्या तोंडानं जाऊ?"

शुक्र., १४ फेब्रु.
घेतला. बड्या कंपनीचा, चकचकीत, पाठीमागचं झाकणही उघडत नाही असला. दुकानातल्या बाईंनी बाबांची मशीनं तिथल्या तिथे जोडून दिली. आम्हाला विचारलेला चहा यायच्या आत. मी महिनाभर काय करत होतो?

विन्याला सांगितलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं, "पत्रक नवं छापू. फोटो नको." टोमणा असता तर बरं झालं असतं.

हे सहा जानेवारीलाच करायचं होतं. अनघा सांगत होती, विन्या सुचवत होता. मला माझा फोन खरा ठरवायचा होता. बाबांना आक्काशी बोलायचं होतं, बाकी काही नाही. फार वाईट वाटतंय.

सोम., १७ फेब्रु.
दोन दिवस बाबांनी नव्या फोनला हातच लावला नाही. आज चहा झाल्यावर स्वतःच म्हणाले, लाव.

वहिनीनं उचलला. बाबा ताठ झाले. "सुनंदा? अगं, स्पष्ट येतोय तुझा आवाज. आक्का कुठाय?"

पुढचं मला ऐकू येत नव्हतं, सगळं त्यांच्या कानात. त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता. एकदम डोळे भरले. काय झालं म्हणून खूण केली, तर फोनवर तळवा धरून हळू म्हणाले,

"मागून आक्का बोलली. म्हणाली, सांग त्याला, झोपली हाय म्हणावं." मग, "किती म्हातारा झालाय रे तिचा आवाज."

मी म्हटलं, ठेवा आता, उद्या परत लावू. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. फोनमध्ये म्हणाले, "सुनंदा, तिला म्हणावं झोप तू. फोन तेवढा ठेव तिच्या उशीपाशी. चालू राहू दे."

ठेवला असावा वहिनीनं. बाबा काही बोलेनात, पलीकडूनही कुणी बोलत नसावं. अनघा दारात येऊन उभी राहिली. मी परत विचारलं, बाबा, आहे का कुणी?

"गप्प बस," म्हणाले. "ऐकतोय मी."