हॉलमधल्या चार चौकटी

बाबा,

मागच्या आठवड्यात डोंबिवलीची जागा रिकामी केली. बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. सामान हलवायला आलेल्या माणसांना मी कपाटं, पलंग, भांडी सगळं नेऊ दिलं, पण हॉलच्या भिंतींवरच्या तुमच्या चार चौकटी मी स्वतः स्टुलावर चढून उतरवल्या. त्या माणसांतल्या एकाने एक चौकट हातात घेऊन उलटसुलट बघितली. "मॅडम, ह्याच्यात फोटो लावायचा राहिला काय?" मी म्हटलं, "नाही, त्या आवाजासाठी आहेत." तो मान हलवून खाली गेला. त्याला काही कळलं नसणार. दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं ते नव्हतंच, आणि मला तसंही सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही कळव्याच्या कारखान्यातून रिटायर झालात तेव्हा मी ठाण्याच्या एका कंपनीत टेस्टिंगला लागून दोन वर्षं झाली होती. निरोपाला तुम्हाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माझ्याकडून स्टिरिओ. विकत घेतलेला नव्हे, घरी केलेला. अँप्लिफायरचा एकेक जोड मी सोल्डर केला होता. स्पीकरची दोन खोकी सुताराकडून करून घेतली होती, कॅसेट डेक तेवढा तयार आणला होता. आई शेजारी सांगत फिरायची, "आमची कन्या कामावरून आली की कल्हईवाल्यासारखी धूर करत बसते." तुमच्या आवडीच्या नाट्यगीतांची कॅसेट लावली. तुम्ही पाच मिनिटं ऐकलंत, "छान झालाय हं" म्हणालात आणि उठून गॅलरीत गेलात. मला ते फार लागलं. मी बोलले नाही, कारण आपल्या घरात कोणी तसं बोलत नसे.

नंतर काही दिवस तुम्ही आवाज पूर्ण मोठा करून ऐकायचात. मग वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यातूनच ओरडल्या, "भाऊ, नाटक तुम्ही बघताय, पण आम्हाला बिनतिकिटाचं कशाला बसवताय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि त्या दिवसापासून सेट लावायचं बंद केलंत. विचारलं तर म्हणायचात, "हल्लीच्या गायकांचे शब्दच स्पष्ट नसतात." ती कॅसेट चाळीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांची होती.

सव्वीस वर्षं तुम्ही पत्रा कापणाऱ्या प्रेसशेजारी उभे होतात. काय झालं होतं ते आम्हा तिघींनाही माहीत होतं, आई, ताई आणि मी, पण तुम्हाला ऐकू येत नाही, असं घरात कोणी म्हणत नव्हतं. तुम्ही एकदा "काय?" म्हणून विचारायचात. दुसऱ्यांदा विचारायचा नाहीत, नुसते हसायचात. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन चार दिवस लावून तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवलंत. "ह्यातून माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू येतात," म्हणालात. हळूहळू पाहुणे आले की तुम्ही पेपर घेऊन गॅलरीत बसायला लागलात. नातेवाईक म्हणायचे, रिटायर झाल्यापासून भाऊंना कोणी नकोसंच झालंय. मला भीती वाटायची ती ह्याचीच. गाणं राहिलं तर राहो, पण घरातला माणूस घरातल्या घरात लांब चालला होता.

मग ताईचं लग्न ठरलं. गावाहून पंचवीस-तीस माणसं उतरणार म्हणून आईने बिल्डिंगभर फिरून गाद्या गोळा केल्या आणि कुठली कोणाची ते कळावं म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्याला नंबराची चिठ्ठी टाचली. हॉलच्या दोन्ही भिंतींना गाद्या उभ्या लावल्या, त्यांच्यापुढे गोधड्या आणि उशा. बसायला जागा उरली ती मधल्या गल्लीसारखी. दुपारची वेळ आहे, तुम्ही खाली मांडी घालून अक्षतांच्या पुड्या बांधताय, आणि मामा विनोदी कथाकथनाची कॅसेट लावतो. गोष्ट रंगात येते आणि तुम्ही हसता. आमच्या आधी हसता. आम्ही सगळे गोष्ट सोडून तुमच्याकडे बघायला लागतो.

"तुम्हाला कळलं?" आई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"न कळायला काय झालं? आज सेट बरा वाजतोय," तुम्ही म्हणालात आणि पुढची पुडी बांधायला घेतलीत.

लग्न झालं, गाद्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून तीच कॅसेट लावलीत. कानामागे हात धरून थोडा वेळ बसलात आणि बटण बंद केलंत. "परत बिघडला वाटतं." मी सेट उघडून मीटर लावून सगळं तपासलं. त्यात काही बदललं नव्हतं. बदलला होता तो हॉल. आवाज शोषणाऱ्या गाद्या गेल्या आणि उरल्या गुळगुळीत भिंती, खाली मोझॅइकच्या लाद्या, एक पलंग आणि एक लोखंडी कपाट. टाळी वाजवली की ती डब्यात वाजवल्यासारखी परत यायची. शब्द एकदा स्पीकरमधून यायचा आणि भिंतींवरून आणखी चार वेळा, आणि ते सगळे एकमेकांत मिसळायचे. आम्हाला त्यातून वाट काढता यायची, तुमच्या कानांना नाही.

कंपनीतल्या एकाने सांगितलं की भिंतींना अंड्यांचे ट्रे लावतात. मी कल्याणच्या बाजारातून चाळीस ट्रे आणले. आई दारातच उभी राहिली. "अगं, ह्या घरात आजवर अंडं शिरलं नाही, आणि तू त्यांची घरंच घेऊन आलीस!" खिळे मारून ट्रे फाटत होते म्हणून मी मैद्याची खळ करून ते चिकटवले. आठ दिवसांत खळ खायला झुरळं आली. सोसायटीचे सेक्रेटरी दारातून डोकावून म्हणाले, "वहिनी, पोल्ट्री टाकताय की काय? कमिटीला कळवा हो आधी." एवढं करून शब्द होते तसेच गढूळ.

ट्रे तुम्हीच उतरवलेत, ओल्या फडक्याने भिंती पुसल्यात. तुम्ही हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत.

"कोणीतरी सांगितलं म्हणून केलंस. आधी मोजलंस का?"

"मोजणार कशाने, बाबा? आवाज मोजायचं यंत्र कुठंय आपल्याकडे?"

"मी आहे ना," तुम्ही म्हणालात. "मलाच ऐकू येत नाही ना? मग माझ्यावरच मोज."

इतक्या वर्षांत ते घरात पहिल्यांदा बोललं गेलं, आणि ते तुम्हीच बोललात, हातातलं फडकं पिळत. तुम्ही कारखान्यातली जुनी वही काढलीत, आईला स्पीकरजवळ बसवलंत आणि स्वतः समोरच्या टोकाला खुर्चीत बसलात. आईने पेपर तोंडासमोर धरून त्यातले वीस शब्द वाचायचे, ओठ दिसता कामा नयेत. ऐकू येईल तो शब्द तुम्ही लिहायचा, येणार नाही तिथे रेघ. वहीच्या पानावर वर लिहिलंत, "भिंती उघड्या". विसांत अकरा रेघा निघाल्या. आई घाईघाईने म्हणाली, "अहो, मीच हळू वाचलं असेन." तुम्ही म्हणालात, "बरोबर वाचलंस. पुढच्या वेळीही एवढ्याच आवाजात वाच."

मग पुढचे तीन आठवडे आपल्या घरात कारखाना चालू होता. मशिनच्या खोक्यांचं लाकूड ओळखीच्या वखारीतून आलं. तुम्ही ते रंधून काटकोनात चौकटी केल्यात, चार बोटं खोल. रस्त्यावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याला हाक मारून दोन जुन्या गाद्या उसवल्या. गॅलरी पांढरी झाली, तुमच्या भुवयाही. कापूस भरून आईने वरून हिरवं हातमागाचं कापड ताणून शिवलं. मी म्हटलं, सगळ्या चौकटी स्पीकरच्या मागे लावू. तुम्ही म्हणालात, "कॅरम खेळतेस ना? सोंगटी कुठे आपटून भोकात येते ते बघतेस, की सगळीकडेच मारत सुटतेस?" तुम्ही खुर्चीत बसलात आणि मला आईचा आरसा घेऊन भिंतीला लावून सरकायला सांगितलंत. "पुढे. अजून पुढे ये. थांब. दिसला स्पीकर. खूण कर." जिथे आरशात स्पीकर दिसतो तिथेच आवाज आपटून तुमच्याकडे येणार. बाजूच्या प्रत्येक भिंतीवर दोन स्पीकरच्या दोन खुणा, एकूण चार. चार चौकटी.

चौकटी लावून आईने पुन्हा वीस शब्द वाचले, तेव्हा तीनच रेघा आल्या. तुम्ही दोनदा मोजल्यात आणि वही माझ्या हातात दिलीत. "घे. आता लाव तुझा सेट." कॅसेटची एक पूर्ण बाजू तुम्ही खुर्चीत बसून ऐकलीत, आवाज निम्म्यावर ठेवून. महिन्याभरात वरच्या काकू जिन्यात मला म्हणाल्या, "काय गं, भाऊंनी गाणी सोडली काय? जरा मोठा करायला सांग की." पण गाण्याहून मोठी गोष्ट निराळीच होती. त्या हॉलमध्ये माणसांचं बोलणंही तुम्हाला कळायला लागलं. दिवाळीला जावई आले तेव्हा तुम्ही त्यांच्याशी दोन तास कारखान्यातल्या गोष्टी बोलत बसलात. ते ताईला हळूच म्हणाले, "तुझे वडील एवढं बोलतात?" तुम्ही गेलात तोपर्यंतची दहा वर्षं तुमची संध्याकाळ हॉलमध्ये गेली, गॅलरीत नाही.

तुम्ही असतानाच एकदा कंपनीच्या लायब्ररीत एका परदेशी मासिकात मला तीच आरशाची रीत आकृतीसकट सापडली. मोठे स्टुडिओ बांधणारे लोक तेच करत होते. मी घरी येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "त्यांनाही कॅरम येत असेल." मी मात्र डिपार्टमेंटमध्ये प्रत्येकाला ती आकृती दाखवली आणि सांगितलं की हे माझ्या वडिलांनी स्वतःच्या डोक्याने काढलंय, आणि ते प्रेसवर कामगार होते. कमी बोलणारी म्हणून ओळखली जाणारी मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकटीच बोलत होते.

चौकटी आता माझ्या ठाण्याच्या घरी आहेत. कापड विटलंय, काटकोन अजून पक्के आहेत. हे कागद मी तुमच्या वहीत ठेवणार आहे, रेघा मोजल्या त्या दोन पानांच्या मध्ये. पण तिथे ठेवायचे तर एक गोष्ट लिहायला हवी. आईने दुसऱ्या वेळी शब्द वाचले तेव्हा मी तुमच्या खुर्चीमागे उभी होते. तिसऱ्या शब्दाला तुम्ही रेघ ओढलीत आणि मला भीती वाटली की सगळं फुकट गेलं. मी आईला हाताने खूण केली, जरा मोठ्याने वाच. तिने पेपरवरून माझ्याकडे बघितलं, मान नकारार्थी हलवली आणि चौथा शब्द अगदी तेवढ्याच आवाजात वाचला. तो तुम्ही लिहिलात. ते सतरा शब्द तुमचे खरेच होते, बाबा. आईचा तुमच्या कामावर विश्वास होता. माझा त्या क्षणी नव्हता.