मोठीबाई, मी तक्ता बदलला

तीर्थरूप मोठीबाईले,

अकोटहून लहान बहीन सीमा हिचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं खरंच ठेवलं असतं, पन तुया पायाले हात लावला की तू बोंबलतं.) मी मजेत हाय. तुयी तब्येत कशी हाय? ऑपरेशनचा खुबा दुखते का? गोळ्या घेतं का उशीखाली लपवून ठेवतं? प्रतीक्षा, आजीची उशी उचलून पाह्य, अन् मंग पुढं वाच.

फोन सोडून पत्र काहून, तं फोनवर तुले साऱ्या गोष्टी आयकू येतात, फक्त "अकोटले ये" म्हनलं की आवाज येत नाई अन् कट होऊन जाते. पत्राले कट कराचं बटन नसते. माही चौथी झाली, अक्षर मुंग्यावानी हाय, पन नात शिकेल हाय तुयी, वाचन.

तुले मालूम हाय, मी भाजीचं दुकान आवरून दुपारी जिमात वजन उचलाले जातो. (कोनाले सांगू नको म्हनलं होतं, तू साऱ्या चांदूर रेल्वेले सांगितलं.) तिथल्या करिश्मा मॅडमनं मले बारा हप्त्याचा तक्ता लिहून देल्ला. कोनत्या दिवशी किती किलो, किती वेळा. कामं तीनच. रॉड खांद्यावर घेऊन बसाचं अन् उठाचं, बाकावर निजून रॉड वर ढकलाचा, अन् जमिनीवरून रॉड उचलून सरळ उभं राहाचं. याले इंग्रजी नावं हायेत, घेतली की मले ठसका लागते. अमरावतीले स्पर्धा हाय, त्यात चाळिशीच्या वरच्या बायांचा येगळा गट, म्हनून हे सारं.

आता माही चुकी आयक. तक्त्यात लिहेल होतं साठ किलो. मी रॉडले इकून तीस, तिकून तीस किलोच्या चकत्या लावल्या. झाले का नाई साठ? मी तीस वर्षं मंडईत माल घेऊन राहिली, कॅरेटचं वजन टमाट्यात कोन धरते? तो बारदाना हाय. तो वजा कराचा, मंग माल मोजाचा. रॉड म्हनजे तरी काय, चकत्या ठेवाचं कॅरेटच. पाच हप्ते मी बिनधास्त हेच केलं. सहाव्या हप्त्यात नव्वद उचलून उभी राहिली, तं मॅडम धावत आली.

"काकू, हे एकशे दहा हाय!"

"नव्वद हाय. मोजून घ्या."

"अन् रॉड? रॉड वीस किलोचा असते!"

"असन. बारदाना कोन मोजते?"

मॅडम खालीच बसली. मंग म्हने, काकू, तुमचं काही मोडलं कसं नाई? म्हनलं, मोडाले वेळ कुठी हाय. तिनं सारा तक्ता खोडला, वीस-वीस किलो कमी करून नुसत्या चकत्यांचं वजन लिहिलं, अन् वरून एक हप्ता आराम सांगितला. मले आराम येत नाई, तुले मालूमच हाय. त्याच हप्त्यात मी चांदूरले तुयाकडे आली.

अन् तिथी माही इज्जत गेली. दवाखान्याच्या कागदावर तुयं वजन शेहेचाळीस. म्हनलं, हे तं माह्या हातपाय मोकळे कराचं वजन. (रागवू नको.) तुले पलंगावरून खुर्चीत बसवाले वाकली अन् अर्ध्यातच अडकली. लोखंडाले धराची एक जागा असते, धरलं की धरलं. तू इकून घसरून राहिली, तिकून गळून राहिली, अन् माह्या गळ्यात हात टाकाचे सोडून पदर सावरून राहिली. शेवटी दोघीबी फरशीवर. मी खाली, तू वर, हे एक बरं झालं. प्रतीक्षा तोंडाले ओढनी लावून हासून राहिली होती, मले दिसलं. तू हासली नाई. तू म्हनली, "सीमे, राहू दे. माहं आता असंच हाय." अन् भिंतीकडे तोंड केलं.

मले तुया राग आला. अजून हाय. माय गेली तवा मी तीन वर्षांची अन् तू तेरा. मले कडेवर घेऊन तू हिवरखेडच्या बाजारात वांगे विकाले बसत होती. तवा तुले कोनी तक्ता लिहून देल्ला होता का? अन् जूनमंदी प्रतीक्षा शिकाले अमरावतीले जाईन, मंग तुले कोन उचलन? गोवर्धन? पोरगा तुया गुनाचा हाय, पन त्याच्या कमरेले पट्टा हाय. त्यानं तुले उचललं तं घरात दोन पलंग लागतीन.

म्हनून वापस आली अन् मॅडमचा तक्ता मी माह्या हातानं बदलला. निजून ढकलाचं बंद. कांद्याचा एक कट्टा घेतला, शेहेचाळीस किलो. गच्च भरेल कट्टा सोपा असते, मी मुद्दाम ढिला भरला, तुयावानी. त्याले जुनं पातळ गुंडाळलं. रोज वीस वेळा बाकावरून उचलाचा, वळाचं अन् खुर्चीत असा ठेवाचा की आवाज झाला नाई पाहिजे. आवाज झाला तं तो मोजाचा नाई. पहिल्या दिवशी वीसपैकी दोन मोजले. जिमातल्या पोरी हासून राहिल्या. मॅडम म्हने, "काकू, स्पर्धा तोंडावर आली अन् तुमी कांदे काहून उचलून राहिल्या?" म्हनलं, "रॉड कधी 'आई वं' म्हनते का? मले जे सामान उचलाचं हाय, ते म्हनते."

मंग मी तिले तुयं सारं सांगितलं. मॅडम बूट काढून स्वतःच बाकावर निजली. "मले उचला," म्हने. अठ्ठावन्न किलोची पोरगी! मी म्हनलं, "जरा कन्हा बरं." तिले कन्हता येत नाई. म्हनलं, "मंग शिव्या तरी द्या, माह्या बहिनीवानी." तं म्हनते कशी, "अहो काकू, जरा हळू." अशानं सराव होते का?

पन तिनं एक बरोबर पकडलं. म्हने, "काकू, तुमी समोरच्याले सांगतच नाई, एकदम हात घालता. आधी श्वास घ्या, मंग 'उचलतो' म्हना, त्याचे हात गळ्यात येऊ द्या, मंग उचला." लोखंडाले कधी सांगा लागलं नाई, म्हनून सवयच नव्हती. तुलेबी मी न सांगता हात घातला होता. माही चुकी झाली, मोठीबाई. (हे एकदाच लिहितो.) आता वीसपैकी एकोनवीस होतात. विसाव्याले मॅडमले गुदगुल्या होतात.

तं असं हाय. तुले अकोटले बलावाले मी हे पत्र लिहिलं नाई. बिलकुल नाई. फक्त खुशाली कळवली. गोळ्या घेजो.

तुयी लहान बहीन,
सीमा

ता. क. येत्या रविवारी जीप घेऊन येऊन राहिली. मांगच्या सीटवर गादी टाकेल हाय. तुले सांगून, श्वास घेऊन, एकदाच उचलतो. तू ओरडली नाई तं तशीच जीपमंदी बसवतो अन् आपन अकोटले येतो. ओरडली तं चहा पिऊन वापस जातो, पुन्हा विषय काढनार नाई.

दुसरा ता. क. (प्रतीक्षा, हे मनातल्या मनात वाच. स्पर्धाबी त्याच रविवारी हाय. मॅडमले नाई म्हनून सांगितलं. आजीले समजलं तं मी स्पर्धेले जावं म्हनून ते मुद्दाम ओरडन.)

तिसरा ता. क. मोठीबाई, पुन्हा विषय काढनार नाई हे खोटं लिहिलं. त्याच्या पुढच्या रविवारीबी येईन. माहा पोरगा योगेश पुन्याले गेल्यापासून घरात माह्यावर डाफरनारं कोनी राहिलं नाई, मी बिघडून राहिली. अन् माही खाट तुले उंच होते म्हनून काल सुताराकडून तिचे चारी पाय चार बोटं कापून घेतले. तो म्हने, इतकी चांगली सागाची खाट काहून कापता? मी त्याले सांगून बसली, मोठी बहीन येऊन राहिली. आता पाय काही जोडता येत नाईत.