कडक म्हंजी नक्की काय?

४ जाने., रवि.
गाडी दौंडला मुश्ताकमामांच्या गॅरेजात सोडली. जीव तिथंच राहिला. वीस वर्षं जुनी, दोन सीटची, लाल. पुण्याच्या एका हौशी माणसानं कंटाळून विकली, मी घेतली. वळणावर झोपाळ्यासारखी डोलते, शॉकअप गळतायत. २५ला रेसच्या ट्रॅकवर न्यायचीय, जन्मात पहिल्यांदा. पण एरवी रोजचा रस्ताबी तिनंच काढायचा. कारेगावची खोली ते कंपनी, आन् रविवारी पाटसला आबांकडं. दोन्ही जमलं पायजे, असं मामांना सांगितलं. निघताना म्हणले, "मामा, एकदम कडक बनवा!" मामा म्हणाले, "तुम्ही बिनघोर जा, ताई."

७ जाने.
कंपनीत माझ्या लाईनवरचा यादव. "मॅडम, वो लाल गाड़ी आपके मिस्टर की है?" मिस्टर कुठनं आणू? माझी हाय म्हणलं. तर, "अच्छा. चलाता कौन है?" डोकंच फिरलं. डबा तसाच परत आणला.

१० जाने., शनि.
मिळाली! नवे शॉकअप, नव्या स्प्रिंगा, सगळे बुश. खाली बसलीय, काय देखणी दिसती. हायवेवर वळण घेतलं तर जराबी कलली न्हाई. गाडीत एकटीच ओरडले, "अगं बाई गं!" मग गावातला पहिला ब्रेकर. खालचं ऑईल चेंबर घासलं, दात वाजले. म्हणलं असू दे, होईल सवय.

११ जाने., रवि.
आबांना घेऊन वडगाव रासाईला, आत्याकडं. आबा म्हंजी माझे वडील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली, आता रिटायर. मणक्यात गॅप. ही गाडी घेतली तवा अख्खी भावकी मला हसली, एकटे आबा बाजूच्या सीटवर जाऊन बसले. तवापासनं ती सीट त्यांची. विहारात सगळ्यांना सांगतात, पोरीची हाय.
उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलीय. एरवी आबांचं तोंड बंद नसतं. आज दाराची कडी धरून गप्प.
"दुखतंय का आबा?"
"छ्या! लई भारी झालीय."
परत निघायच्या वेळेला म्हणाले, ऱ्हातो दोन दिस, आत्या सोडंना. आबा आन् दुसऱ्याच्या घरी मुक्काम? संध्याकाळी आत्याचा फोन. तुझा बाप उताणा पडलाय, मी बाम चोळतीय.

१२ जाने.
शिफ्ट संपल्यावर थेट दौंड.
"मामा, गाडी केली का बैलगाडी?"
"ताई, तुम्हीच म्हणला कडक करा."
"कडक म्हंजी भारी! झकास! कडक चहा म्हणतो तसं!"
"कडक चहा म्हंजी पत्ती जास्त. मीबी पत्ती जास्तच टाकली."
आता ह्या माणसाला काय बोलायचं! रस्त्याचं सांगितलं, आबांचं सांगितलं, त्यातलं एक अक्षर ध्यानात न्हाई. ध्यानात काय, तर कडक. शॉकअपवर फिरवायची खुंटी हाय, ती पार ढिली करून बघितली. उगं नावाला फरक. मूळ स्प्रिंगच ताठ. नरम मागवता येतील, पण मग ट्रॅकवर परत थोडी डोलंल, म्हणे. "एकच सांगा ताई, कडक का नरम?" दोन्ही, मामा! पयल्या दिवशी काय सांगितलं होतं?

१४ जाने.
संक्रांत. गोड बोलायचा दिवस. कुणाशी?
आबा आत्याकडनं पाटसला यष्टीनं गेले. फोनवर सांगतात, "यष्टी लई आरामाची." यष्टी! तिच्या खिडक्या खडखडतात, सीट फाटलेली, आन् माझ्या गाडीपेक्षा ती आरामाची! रडूच आलं. रागानं.
ब्रेकर घालणाऱ्याला कुणी बोलत न्हाई. खड्डे बुजवत न्हाईत त्यांनाबी न्हाई. दोष गाडीला, आन् गाडी बाईची म्हणून बाईला. आत्या म्हणती, विकून टाक ते खूळ.

१८ जाने., रवि.
पाटसला गेले. चला आबा, चक्कर मारू. तर म्हणे विहारात कार्यक्रम हाय. कसला कार्यक्रम, विहाराला कुलूप होतं, मी येताना बघितलं. चहा पिऊन निघाले. बाजूची सीट मोकळी. फाट्यावरनंच मामांना फोन. नरम मागवा. ट्रॅकवर डोलली तर डोलू दे. रात्री आबांनाबी फोनवर सांगितलं.

२१ जाने.
नरम स्प्रिंगा आल्या. हाफ डे टाकून दौंडला. मामा जॅकला हात लावंनात.
"काल आबा येऊन गेले, ताई."
"कशानं?"
"यष्टीनं. म्हणाले, पोरीला ट्रॅकवर पळवायचीय, गाडी कडकच ठेवा. माझं काय, मी यष्टीनं हिंडंन."
"आन् तुम्ही ऐकलं?"
"बापाचं ऐकायला नको व्हय?"
"गाडी कुणाची हाय, मामा?"
मीच स्प्रिंगा डिकीत टाकल्या आन् तडक निघाले. यादवला वाटतं मिस्टरची. मामांना वाटतं बापाची. आन् आबा तर… आबांनी तरी. चोरून. माझ्याच गाडीचं ठरवलं. मणक्यात गॅप असताना यष्टीत धक्के खात दौंडला.

२२ जाने.
फोनवर आबांना झापलं. "माझ्या गाडीचं ठरवणारे तुम्ही कोण?"
आबा म्हणाले, "व्हय. तुझी हाय. चुकलं."
म्हणले ते खरं, पण मलाच कसंतरी झालं.

२४ जाने., शनि.
उद्या ट्रॅक. मामा फोनवर म्हणाले, सकाळी गाडी आणा, म्हणाल ती स्प्रिंग बसवतो, आता तुमचंच ऐकणार. निघाले. नरमवाल्या डिकीतच. काय सांगायचं ते ठरलं न्हाई. नरम म्हणलं तर ट्रॅकवर डोलंल, कडक म्हणलं तर आबांची सीट मोकळी.
पाटस फाट्यावर आबा. मी बोलावलं नव्हतं. काखेत उशी. दार उघडलं, उशी सीटला टेकवली, कमरेला हात लावत बसले.
"आबा, उतरा. दौंडपत्तोर धक्के बसतील."
"बसू दे." मग पुढं बघतच, "सुजे, उद्या तिथं बाजूला माणूस बसू देत्यात का?"
देतात. हेल्मेट घालून.
सांगितलं. आबांनी पट्टा लावला. दौंड येईपर्यंत तोंड बंद न्हाई. मणक्याचा एक शब्द न्हाई.
आता गॅरेजात बाकड्यावर लिहितीय. गाडी जॅकवर. आबा उशी मांडीवर घेऊन बसलेत, मुद्दाम माझ्याकडं बघत न्हाईत. मामा काढलेल्या कडक आन् नव्या नरम, दोन्ही स्प्रिंगा पुढ्यात ठेवून उभे.
"सांगा, ताई."