सहा काड्यांचा मासा

४ फेब्रुवारी
सात सांगितल्या. होत्या सहा!

बाबांचा वाळूतला मासा, नखाएवढा, काचेसारखा आरपार, ओठांवर मिशा. नदीच्या तळाशी वाळूत स्वतःला पुरून घेतो म्हणे. पस्तीस वर्षांपूर्वी बाबांच्या चाळणीत आला, तेव्हापासून बाटलीत. आता बाबांना सूक्ष्मदर्शकातून नुसता ढग दिसतो, म्हणून मोजायला मी. छातीजवळच्या पंखात सहा काड्या म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेलीच जात. सात म्हणजे नवी — बाबांनी शोधलेली!

"किती गं?" श्वास रोखून बसले होते.
"सात." तोंडातून निघूनच गेलं.
"पुन्हा मोज."
पुन्हा सात!
बाबांनी माझा हात धरला. सोडेचनात.

५ फेब्रुवारी
दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या रक्तपेशी मोजते. शंका आली तर तीनतीनदा मोजते. आणि घरी हे.

११ फेब्रुवारी
लेख संशोधनाच्या मासिकाकडे गेला. बाबांनी सांगितला, मी टाइप केला — तो आकडासुद्धा मीच.

जेवताना म्हणाले, "माशाला तुझं नाव देतोय. जन्मभर मासे मासे करत बसलो, तुझ्याकडे बघायला वेळ कुठे होता?"
विचारलं, "बाबा, सहाच असत्या तर?"
हातातला घास ताटात ठेवला. "तर काय! बाटली परत कपाटात." मग आमटी मागितली.

१९ फेब्रुवारी
आज सांगायचंच, म्हणून गेले.
"बाबा, एक बोलायचंय."
"बोल की."
"...चहा टाकू?"
शेपूट घातली. लाज वाटते स्वतःची.

२३ फेब्रुवारी
मासिकाच्या संपादकबाईंना पत्र टाकलं. खरं ते सगळं लिहिलं. जन्मदात्याला सांगायची छाती नाही, परक्या बाईला सांगितलं! त्यांचा नकार आला की बाबांना वाचून कोण दाखवणार? मीच.

२ मार्च
उत्तर नाही. बाबा रोज विचारतात, "टपाल आलं का गं?"

६ मार्च
उत्तर आलं. माझ्या नावाने.

बाबांनी लेख तेरा फेब्रुवारीलाच मागे घेतला होता! बाबांच्या पत्राची प्रत बाईंनी सोबत जोडली आहे. वाकडी, मोठाली अक्षरं, ओळीवर ओळ चढलेली. दोनच वाक्यं —

"माझ्या मुलीने सहाच मोजल्या होत्या. सात मी लिहिल्या."