दोन्ही एकाच पायाची

आप्पा, माझं काम नेमकं काय, हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. हुपरीत कुणी विचारलं की तुम्ही "कोल्हापुरात उजेड मोजती" एवढंच सांगायचात, आणि ते चुकीचं नव्हतं. पिळाचे रेणू असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्यावर प्रकाश टाकला की ते स्वतः उजळतात, आणि त्यांच्यातून निघणारा उजेडही पीळ घेऊनच बाहेर पडतो. रेणू आत हलला, वळला, की उजेडाचा पीळ बदलतो. तो मोजून मी त्यांची हालचाल ओळखते. मात्र उजव्या पिळाचा पदार्थ मोजला की डाव्या पिळाचाही मोजावा लागतो, आणि दोघांची उत्तरं एकमेकांच्या उलट यावी लागतात. नाही आली तर कुठेतरी चुकलंय. म्हणजे तुमचीच रीत की.

आपल्या घरच्या पैंजणांत उजव्या पायाच्या तारेचा पीळ एकीकडे असायचा, डाव्याचा दुसरीकडे. बाकीचे कारागीर हसायचे, पायाशी वाकून बघतंय कोण? तुम्ही मात्र जोडी पाटावर समोरासमोर ठेवल्याशिवाय डब्यात घालू द्यायचा नाहीत. "एक बघून खरं समजायचं न्हाय. दुसरं शेजारी ठेव, मग बोल." मी सातवीत असेन. ती दुपार अजून स्वच्छ दिसते. आई आत भाकरी थापतेय. तिचं अर्धं राहिलेलं पैंजणाचं काम मी कुणाला न विचारता हातात घेते आणि डाव्या पायाची तारही उजवीसारखीच पिळते. मोठी कारागीर झाल्याच्या थाटात.

संध्याकाळी व्यापारी दारात बसलेला असताना तुम्ही ती जोडी पाटावर ठेवली. "दोन्ही एकाच पायाची केलीयास की गं! ध्यान कुठं हुतं तुजं?" परक्या माणसासमोर तुम्ही आईवर कडाडलात. तिने पदराला हात पुसले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली. मी चुलीपाशीच उभी राहिले, पुढे आले नाही. तुमची मला भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीपेक्षाही, माझ्या जागी दुसऱ्याला बोलणी बसली याचं बरं वाटलं होतं. त्याची लाज आजही जात नाही.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत आमचे उजव्या-डाव्या पिळाचे दोन्ही नमुने एकाच बाजूचा पीळ दाखवू लागले. ते बनवणारी माझी मैत्रीण आहे, तिचं अख्खं वर्ष त्यात गेलंय. बैठकीत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, दोन्ही बाटल्यांत एकच माल भरलाय की तुम्ही!" तिने मान खाली घातली. "पुन्हा करते, सर." दोष तिचा नव्हताच. नमुना ज्या काचांमध्ये धरतात त्या हलू नयेत म्हणून मी स्क्रू नको इतका आवळला होता. ताण बसलेली काच उजेडाला स्वतःचाच पीळ देते, मग आत काहीही ठेवा, उत्तर एकच. मी साहेबांना सांगितलं, तिच्यासमोर सांगितलं. स्क्रू सैल करून मोजलं तेव्हा दोन्ही उत्तरं उलट आली, पाटावरच्या जोडीसारखी. ती वहीत आकडे उतरवत राहिली.

त्या रविवारी एसटीने हुपरीला गेले आणि आईलाही त्या जोडीचं सांगून टाकलं. ती शेंगा फोडत होती. "मला ठावं हाय की," म्हणाली. "तुजा पीळ सैल असायचा." इतकी वर्षं तिला ठाऊक होतं, आणि तुमच्यापाशी ती कधी बोलली नाही. म्हणजे सांगायचं राहिलं ते फक्त तुम्हाला. ती जोडी माझी होती, आप्पा.

हा कागद तुमच्या पाटाखाली ठेवून देणार आहे. तुम्ही असता तर माझ्या बाजूने आईला म्हणाला असतात, "बघ, ह्या टायमाला तरी पोरगी लगीच बोलली." पण ते खरं नसतं. बैठकीत मैत्रीण मान खाली घालून बसली होती, तेव्हाच मला तो स्क्रू आठवला होता. मी सांगितलं ते तिसऱ्या दिवशी.