जादा दोन हायड्रोजन

४ मार्च, सकाळी ९
औषधविक्रेत्यांच्या मासिकाच्या संपादकांचा फोन. विस्मरणात गेलेल्या औषधांचा छोटा कोश काढताहेत. माझ्याकडून दहा नोंदी हव्यात. नाव, नावाचा अर्थ, वापर. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो, त्यामुळे हा माझ्या हातचा मळ. मुदत वीस तारीख. मी म्हटलं, दहालाच देतो.

६ मार्च
नऊ नोंदी हातावेगळ्या! उरली एकच. डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन. डाय म्हणजे दोन. हायड्रो म्हणजे हायड्रोजन. स्ट्रेप्टो म्हणजे पिळलेलं. मायसिन म्हणजे बुरशीसारख्या जंतूपासून काढलेलं. मूळ स्ट्रेप्टोमायसिनपेक्षा हायड्रोजनचे दोन अणू जादा, बस्स. अर्थ एका बैठकीत झाला. वापर उद्या.

८ मार्च
वापर: क्षयावर इंजेक्शन. पुढे बंद पडलं. का पडलं, ते लिहायची गरज नाही. कोश आहे, कोर्टातली साक्ष नव्हे.
हे वाक्य चारदा खोडलं. मग औषधांच्या कपाटाची काच लख्ख पुसली. दिवस वाया गेला असं नाही.

९ मार्च, दुपारी
दाराची बेल वाजली. धाकटी बहीण दाराजवळच शिवत बसलेली, पण मान वर नाही. एकोणिसाव्या वर्षापासून तिला ऐकू येत नाही. अशक्तपणामुळे. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं.
घरातला प्रत्येक आवाज माझ्या एकट्याच्या वाट्याला येतो. कधीकधी बेल वाजलेली नसतानाही मी दार उघडून येतो. बाहेर कोणी नसतं. तेवढाच व्यायाम.

११ मार्च
शर्टाचं बटण तुटलं म्हणून तिचा शिवणाचा डबा उघडला. सुया तिने इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवल्या आहेत. रबरी बुचं शाबूत. एकीवर लेबलसुद्धा.
डबा बंद केला. बटणाशिवाय शर्ट बरा. हवा खेळती राहते.

१२ मार्च
एकदाचं लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल. डॉक्टरांनी तिला वीस इंजेक्शनं सांगितली होती. वीस झाली तेव्हा ती म्हणाली, दादा, कानात शिट्टी वाजते. डॉक्टर परगावी. खोकला थोडा शिल्लक होता आणि पेटी फोडलेली होती. फोडलेली पेटी संपवायची, हा माझा शिरस्ता. बारा जादा दिली.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची नोकरी पक्की झाली होती. चार महिन्यांनी रुजू व्हायला गेली आणि त्याच दुपारी परत आली.
डोक्यातून काही गेलं नाही. मला भीती वाटते.

१४ मार्च
निश्चय: तिला सांगून टाकायचं. आजच. पण ती शिवत होती. लक्ष उडालं असतं तर सुई बोटात गेली असती.

१५ मार्च, रविवार, संध्याकाळी ५
सांगितलं! ती टेबलाशी होती. मी कपाटाकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणालो, सात-आठ इंजेक्शनं माझ्यामुळे जादा गेली, मला क्षमा कर. तिने काही आक्षेप घेतला नाही. तिला ओठ पाहून बोलणं कळतं, हे खरं. पण समोर उभं राहून तिच्यावर दडपण आणणं बरं नव्हे. इतकी वर्षं दर रविवारी असंच सांगत आलोय. मन हलकं.

१७ मार्च
हलकं कसलं. नळ बंद आहे, पंखा बंद आहे, तरी शिट्टी वाजते. वयामुळे असेल.

१९ मार्च
माझा हात थरथरतो, म्हणून लिखाण धाकटी स्वच्छ अक्षरात उतरवून देते. नऊ पानं दिली. दहावं गादीखाली. तिने मोजली आणि हात पुढेच धरून ठेवला. द्यावं लागलं. 'वापर'पुढे कोरं होतं.

२० मार्च, दुपारी ४
दहा पानं टेबलावर. दहाव्यावर तिचं अक्षर. वापर: क्षयावर. यानं कान जाऊ शकतात. मला डॉक्टरांनी वीस सांगितली होती, दादाने चाळीस दिली.
मी पान घेऊन कपाटाकडे वळलो आणि सवयीने बोलायला लागलो. मागून ती म्हणाली, कपाटाला काच आहे, दादा. पहिल्या रविवारपासून तुझे ओठ दिसतात त्यात. आधी अठरा म्हणायचास, मग बारा झाली, या रविवारी सात-आठ. बाटल्या माझ्याकडे आहेत, वीस जादा आहेत. आता इकडे तोंड करून बोल.
मी वळलो. म्हटलं, जरा पाणी पिऊन येतो. हे मात्र तिच्याकडे तोंड करून म्हटलं.
स्वयंपाकघरात बसून लिहितोय. तिसरा ग्लास चालू आहे. तिने खुर्ची या दाराकडे फिरवून घेतली आहे.